तीन अक्षरांची कबर

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा त्यात एक अट होती. शाळेच्या आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तेव्हा काहीतरी वेगळं लिही. गेली वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांची माहिती नीट साठवायची आणि हवी तेव्हा ती परत मिळेल याची तजवीज करायची, हे माझं रोजचं काम. म्हणून आठवणी लिहिण्याऐवजी आठवण टिकते कशी, हाच विषय घ्यायचं ठरवलं. उदाहरण मात्र आपल्या गावापासून फार लांबचं आहे. इटलीत राहिलेल्या आणि तिथेच वारलेल्या एका इंग्रज कवयित्रीचं. तिचं नाव एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग.

आपल्या इंग्रजीच्या बाईंनी रॉबर्ट ब्राउनिंगची कविता शिकवताना हे नाव एकदा घेतलं होतं. 'यांची पत्नीसुद्धा कविता करायची,' एवढंच. त्या वेळच्या गाइडमध्येही तेवढंच होतं. तिच्या हयातीत नेमकं उलट होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ती प्रसिद्ध होती आणि रॉबर्टची ओळख 'मिसेस ब्राउनिंगचे यजमान' अशी करून दिली जायची. इतकी मोठी उलथापालथ कशी झाली, या कुतूहलातून मी तिच्याविषयी वाचत गेले. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी इटलीला जावं लागलं, तेव्हा एक सुट्टीचा दिवस काढून फ्लॉरेन्सला तिची कबरही पाहिली.

फ्लॉरेन्समध्ये कॅथलिक नसलेल्या परदेशी लोकांसाठी वेगळी दफनभूमी होती. स्विस इव्हँजेलिकल चर्चने १८२७ साली त्यासाठी जागा घेतली. लोक तिला 'इंग्रजांची दफनभूमी' म्हणतात, पण तिथे स्विस, अमेरिकन, रशियन असे अनेक देशांचे लोक आहेत. शहराची जुनी तटबंदी पाडून रुंद रस्ते झाले, १८७७ मध्ये तिथलं दफन बंद झालं, आणि आज ती टेकडी गाड्यांच्या वर्दळीत एखाद्या बेटासारखी उभी आहे. मधल्या वाटेने वर चढलं की डाव्या हाताला संगमरवरी खांबांवर उचललेली एक मोठी शवपेटी दिसते. चित्रकार फ्रेडरिक लेटनने तिचा आराखडा केला होता. त्यावर कवयित्रीचं पूर्ण नाव नाही, कवितेची ओळ नाही. 'ई. बी. बी.' ही आद्याक्षरं आणि मृत्यूचं साल १८६१, बस. तेव्हा एवढं पुरेसं वाटलं असणार. ही कोण, हे कुणाला सांगायची गरजच नव्हती.

ती कोण होती ते थोडक्यात सांगते. जन्म ६ मार्च १८०६, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात. घरची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून आलेली. मुलींना शाळेत पाठवायची रीत नव्हती, पण भावाच्या शिक्षकाजवळ बसून ती ग्रीक शिकली. चौदाव्या वर्षी तिने लिहिलेलं मॅरेथॉनच्या लढाईवरचं काव्य वडिलांनी स्वखर्चाने छापलं, फक्त ५० प्रती. तरुणपणीच दुखण्याने गाठलं आणि पुढची वर्षं बरीचशी लंडनच्या ५०, विंपोल स्ट्रीट या घरातल्या एका खोलीत गेली. त्या खोलीतून तिने कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांवर कविता लिहिली. ती १८४३ साली छापून आली आणि खूप गाजली. १८४४ चे दोन खंड निघाल्यावर तिचं नाव सर्वतोमुखी झालं.

ते खंड वाचून १० जानेवारी १८४५ रोजी रॉबर्ट ब्राउनिंगने तिला पहिलं पत्र लिहिलं. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता. पुढच्या वीस महिन्यांत दोघांनी एकमेकांना ५७३ पत्रं लिहिली. आपल्या एकाही मुलाने वा मुलीने लग्न करू नये, असा वडिलांचा हट्ट होता. १२ सप्टेंबर १८४६ ला तिने गुपचूप लग्न केलं, काही झालंच नाही अशी घरी परतली, आणि आठवड्याने नवरा, एक मोलकरीण आणि फ्लश नावाचा कुत्रा एवढ्यांनिशी इटलीकडे निघाली. वडिलांनी तिला कधीच माफ केलं नाही. तिने पाठवलेली पत्रंसुद्धा त्यांनी न फोडता परत केली.

इथपर्यंतची गोष्ट जगाला ठाऊक आहे आणि खरी अडचण तीच आहे. आजारी मुलगी, कठोर बाप, तरुण कवी, पळून जाऊन लग्न! अशी कथा एकदा लोकांच्या तोंडी बसली की बाकी सगळं गळून पडतं. १९३० साली विंपोल स्ट्रीटच्या बॅरेट कुटुंबावर नाटक आलं, १९३४ मध्ये त्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला, दोन्ही तुफान चालले. त्याच सुमारास व्हर्जिनिया वुल्फने एका निबंधात लिहिलं की हे जोडपं आता लोकांना माणसं म्हणून ठाऊक आहे, पण तिची कविता कुणी वाचत नाही. गंमत अशी की वुल्फचं या विषयावरचं सर्वांत लोकप्रिय पुस्तक त्या कुत्र्याचं चरित्र ठरलं. ते १९३३ साली आलं.

म्हणजे तिला कुणी विसरलं नव्हतं. सगळे तिला आठवत होते, पण चुकीच्या कप्प्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल डिस्कवर होती, तिचं नाव बदललं गेलं होतं. अशी फाइल हरवलेल्या फाइलपेक्षा शोधायला कठीण असते, कारण ती हरवली आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

त्या कप्प्याबाहेर काय राहिलं? तिची इटलीतली पंधरा वर्षं राहिली. फ्लॉरेन्समध्ये पित्ती राजवाड्याच्या समोर, सान फेलीचे चौकाच्या कोपऱ्यावर कासा गुइदी नावाची हवेली आहे. तिच्यातला मोठ्या खोल्यांचा पहिला मजला या जोडप्याने भाड्याने घेतला होता. १२ सप्टेंबर १८४७ ला, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी, त्या खिडकीखालून हजारो लोकांची मिरवणूक गेली. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने नागरिकांना स्वतःचं रक्षक दल उभारायची मुभा दिली होती, त्याचा तो आनंद होता. दोन वर्षांत त्याच रस्त्यावरून ऑस्ट्रियाचं सैन्य शहरात शिरलं. आशा आणि अपेक्षाभंग अशा दोन भागांत तिने ते खिडकीतून पाहिलेलं लिहिलं आणि १८५१ साली पुस्तक केलं. इटली अजून एक देश झालेली नव्हती. परकी बाई असूनही ती त्या लढ्याच्या बाजूने लिहीत राहिली. १८६० च्या तिच्या राजकीय कवितांवर इंग्लंडमधले टीकाकार चिडले, बाईमाणसाने कशाला राजकारणात पडावं असा सूर निघाला. पण इटलीच्या लोकांनी ते लक्षात ठेवलं. मार्च १८६१ मध्ये इटलीच्या राज्याची घोषणा झाली आणि २९ जूनला कासा गुइदीतच तिने प्राण सोडला. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने त्या घराच्या दारावर शिलालेख लावला. मजकूर इटालियन साहित्यिक निकोलो तोम्मासेओने लिहिला. तिची विद्वत्ता, तिचं स्त्रीचं हृदय आणि इटली व इंग्लंड यांच्यात तिच्या कवितेने जोडलेली सोन्याची कडी यांचा त्यात गौरव आहे. प्रेमकथेचा तिथे उल्लेखही नाही.

तिचं दुसरं मोठं काम म्हणजे १८५६ च्या अखेरीस आलेली 'ऑरोरा ली' ही नऊ भागांची पद्य कादंबरी. सुमारे अकरा हजार ओळी. नायिका स्वतः लेखिका आहे. 'तुला कविता काय जमणार, माझ्या समाजकार्यात मदत कर' असं म्हणत लग्नाची मागणी घालणाऱ्या चुलत भावाला ती नकार देते आणि लंडनला एकटी राहून लेखणीवर पोट भरते. १८५६ साली हे लिहिणं म्हणजे काय होतं, ते नोकरी करणाऱ्या आपल्या वर्गातल्या मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नको. पुस्तक तेव्हा भरपूर खपलं, मग विसाव्या शतकात वाचकांच्या नजरेआड गेलं.

आता आठवण विखुरते कशी, ते पाहा. रॉबर्टचं तिच्यावर निस्सीम प्रेम होतं. तिच्या मृत्यूनंतर घर सोडण्याआधी त्याने जॉर्ज मिन्याती नावाच्या चित्रकाराकडून दिवाणखान्याचं हुबेहूब चित्र काढून घेतलं. पुस्तकांचं कपाट, खुर्च्या, भिंतीवरच्या तसबिरी, टेबलावरचे कागद, जसं होतं तसं. मग तो लहान मुलाला घेऊन इंग्लंडला गेला आणि पुन्हा कधी फ्लॉरेन्सला आला नाही. १८८९ मध्ये तो व्हेनिसला वारला. फ्लॉरेन्सची दफनभूमी तोवर बंद झाली होती, म्हणून त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलं. दोघं आजही वेगवेगळ्या देशांत आहेत. मुलगा पेन याचंही आईवर प्रेम होतं. त्याने १८९३ साली कासा गुइदी विकत घेतलं, आईवडिलांचं स्मारक करायचं मनात होतं. ते राहून गेलं. १९१२ मध्ये तो मृत्युपत्र न करता वारला आणि पुढच्याच वर्षी, मे १९१३ मध्ये, लंडनच्या सदबीजने सगळ्याचा लिलाव केला. पत्रं, हस्तलिखितं, समासात टिपा केलेली पुस्तकं, सामान, चित्रं, सगळं काही दिवसांत जगभर पांगलं. प्रेम होतं, पैसा होता, जागाही होती. कागदावर एक साधी व्यवस्था नव्हती, म्हणून पन्नास वर्षं जपलेलं एका आठवड्यात गेलं.

हे वाचताना मला आपल्या किती तरी घरांची आठवण झाली. आजोबांच्या पेटीतली पत्रं वाटणीच्या वेळी कुणाकडे गेली, हे कुणी सांगू शकत नाही.

पांगलेलं परत गोळा केलं ते वेगळ्याच लोकांनी, आणि त्यांची पद्धत मला शिकण्यासारखी वाटली. टेक्सासमधल्या वेको गावी बेलर विद्यापीठात ए. जे. आर्मस्ट्राँग नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९१८ साली ब्राउनिंगविषयीचा स्वतःचा संग्रह विद्यापीठाला दिला आणि मग आयुष्यभर भर घालत राहिले. तीन दशकांनी त्या संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. १९५१ साली तिचं उद्घाटन झालं. एका शिक्षकाने एका विषयाचा पिच्छा न सोडल्याने काय होतं, ते तिथे दिसतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजला १९३० साली ती प्रेमपत्रं भेट मिळाली. विंपोल स्ट्रीटच्या घराचं महॉगनीचं दारसुद्धा त्याच कॉलेजात आहे. जुनं घर आता उभं नाही, दार उरलं आहे. त्याच्या टपालाच्या पितळी फटीत तिथल्या मुली व्हॅलेंटाइनच्या दिवशी चिठ्ठ्या टाकतात.

पण माझ्या मते सर्वांत मोठं काम फिलिप केली आणि बेटी कोली यांनी केलं. १९१३ च्या लिलावाची यादी त्यांनी हातात घेतली आणि एकेक वस्तू आज कुठे आहे, याचा छडा लावत गेले. कुठल्या ग्रंथालयात, कुणाच्या खाजगी संग्रहात, कशाचा पत्ताच नाही. या शोधाचं पुस्तक १९८४ साली आलं. वाचायला ते आपल्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरइतकंच रुक्ष आहे. पण त्या रुक्ष नोंदीमुळे विखुरलेला संग्रह निदान कागदावर पुन्हा एक झाला. वस्तू परत आणणं शक्य नव्हतं. कोणती वस्तू कुठे आहे हे कळणं शक्य होतं, आणि अभ्यास करणाऱ्याला तेवढं पुरतं. त्याच वर्षी केली आणि रोनाल्ड हडसन यांनी ब्राउनिंग दांपत्याचा संपूर्ण पत्रव्यवहार तारीखवार, टिपांसह छापायला सुरुवात केली. आजवर पंचवीसहून अधिक खंड निघाले आहेत.

१४ फेब्रुवारी २०१२ ला वेलस्ली आणि बेलर यांनी मिळून ती ५७३ प्रेमपत्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. माझ्या व्यवसायाचा भाग म्हणून या कामाकडे मी जरा बारकाईने पाहिलं. स्कॅन करणं सोपं असतं. कठीण काम त्यानंतर सुरू होतं. तिचं अक्षर बारीक, नुसत्या फोटोत शब्द शोधता येत नाही. म्हणून प्रत्येक पत्राचा मजकूर, तारीख, पाकिटावरचा शिक्का, कुणी कुणाला लिहिलं, हे फोटोला जोडावं लागतं. ही जोड नसेल तर हजारो फोटो असूनही काहीच नसल्यासारखं असतं. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती फोटो आहेत आणि त्यांतला हवा तो सापडायला किती वेळ लागतो, ते आठवा म्हणजे पटेल.

कासा गुइदीचंही असंच झालं. ते घर पुढे हातोहात गेलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राउनिंग इन्स्टिट्यूटने तो मजला विकत घेऊन वाचवला आणि १९९३ मध्ये तो इंग्लंडच्या ईटन कॉलेजकडे आला. लँडमार्क ट्रस्ट त्याची व्यवस्था पाहतो. पुन्हा सजवताना मिन्यातीचं ते चित्र समोर ठेवलं होतं. दुःखाच्या भरात रॉबर्टने नोंद करून ठेवली ती शंभराहून अधिक वर्षांनी कामी आली. आता कवितेची आवड असो वा नसो, कुणीही भाडं भरून त्या घरात मुक्काम करू शकतो, आणि त्याच उत्पन्नातून घराची निगा राहते. दफनभूमीतही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच काम झालं. संगमरवर स्वच्छ करणं, झाडं लावणं, पायवाटा नीट करणं यात रोमा समाजातल्या कुटुंबांचे हात लागले आहेत. शहरात ज्यांना कुणी उभं करत नाही, त्यांना तिथे काम मिळालं आणि लिहायवाचायलाही शिकता आलं. मुलांच्या श्रमावर कविता लिहिणारीच्या कबरीशेजारी हे घडलं, याचं मला बरं वाटलं.

मात्र घर, कबर आणि पत्रं जपली तरी लेखिका जपली जाते असं नाही. ती वाचली गेली तरच जपली जाते. १९७८ साली लंडनच्या विमेन्स प्रेसने 'ऑरोरा ली' पुन्हा छापली. कोरा कॅप्लन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. स्त्रियांच्या लेखनाकडे नव्याने पाहायचा तो काळ होता. विद्यापीठांत ते पुस्तक शिकवलं जाऊ लागलं, १९९२ मध्ये त्याची सटीप आवृत्ती निघाली. 'कवीची पत्नी' या कप्प्यातून ती बाहेर आली ती तेव्हा.

बाहेर आली तेव्हा न शोभणाऱ्या गोष्टीही सोबत आल्या, आणि तेही योग्यच झालं. नाटकात बापाचा जाच दिसतो, त्याच्या पैशाचा उगम दिसत नाही. तिची पत्रं वाचली की तो दिसतो. आपण गुलाम बाळगणाऱ्यांच्या घराण्यातले आहोत, हे तिने १८५५ मध्ये जॉन रस्किनला स्वच्छ लिहिलं होतं. त्याआधीच, १८४० च्या दशकात, पळून आलेल्या गुलाम स्त्रीच्या तोंडून बोलणारी कविता तिने अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी वार्षिकाला दिली होती. ही बाई नाटकातल्या नायिकेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते.

मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, या सगळ्यातून मला एकच सांगायचं आहे. आपण समजतो की माया असली की आठवण राहते. मायेने आठवण जागी राहते, पण टिकते ती नोंदीने. कुणीतरी बसून नाव, तारीख, ठिकाण लिहिलेलं असावं लागतं आणि ती नोंद कुठे ठेवली आहे, हे एकाहून अधिक माणसांना ठाऊक असावं लागतं.

आपल्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. त्यात मुलामुलींच्या कविता, बाईंनी आणि सरांनी दिलेले लेख, चित्रकलेच्या सरांनी रंगवलेली मुखपृष्ठं असायची. त्यांतली बरीचशी शाळेच्या कपाटात आहेत, काही माजी शिक्षकांकडे आहेत, काही कुठे आहेत ते ठाऊक नाही. माझा प्रस्ताव साधा आहे. या मेळाव्याच्या निमित्ताने आपण त्यांची यादी करू : कोणत्या वर्षाचं हस्तलिखित, संपादक कोण, कुणाचं काय छापलं आणि ते आज कुणाकडे आहे. स्कॅनिंगचं आणि ते शोधता येईल असं मांडण्याचं काम मी आणि आपल्याच बॅचचे दोघेतिघे करू. मूळ प्रती ज्यांच्या आहेत त्यांच्याकडेच राहतील.

आणि मेळाव्याला येताना जुने ग्रुप फोटो घेऊन या. येण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून प्रत्येक फोटोच्या मागे नावं लिहा, पूर्ण नावं, पेन्सिलीने, हलक्या हाताने. मुलींची माहेरची आणि आताची, दोन्ही लिहा. शिपाईमामांचं लिहा, मधल्या सुट्टीत पाणी भरणाऱ्या मावशींचंही लिहा. आज आपल्याला ती सगळी ओळखू येतात, म्हणून लिहायची गरज वाटत नाही. १८६१ मध्ये फ्लॉरेन्सच्या लोकांनाही ती तीन अक्षरं पुरेशी वाटली होती.